आठव्या प्रकरणातला उजेड

आमच्या सरांना कादंबरीतला नायक आवडत नसे. कुठल्याच कादंबरीतला. त्यातही ती नवकादंबरी असली आणि नायक खिडकीपाशी उभा राहून शून्यात बघू लागला, की सरांचा पारा चढे. "शून्यात?" ते वर्गाला विचारत. "पुण्याच्या पेठेत शून्य कुठून आणलं यांनी? समोर शेजाऱ्याची भिंत हवी. भिंतीवर पाल हवी. या गृहस्थांना दिसत नसेल तर त्यांनी जरा बाजूला व्हावं, आम्हाला बघू द्यावं."

नायकाला ते नेहमी 'हे गृहस्थ'च म्हणत. मी एम.ए.ला त्यांच्या वर्गात होते तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आम्हा सगळ्यांना एकटेपणाचं भारी वेड होतं. बाकीचे प्राध्यापक परात्मता, विफलता असे शब्द फळ्यावर लिहीत आणि आम्ही ते भक्तिभावानं उतरवून घेत असू. सर वर्गात आले की आधी फळा पुसत, मग खिडक्या उघडत, मग विचारत, "हे गृहस्थ एकटे आहेत असं कोण म्हणतं?" आम्ही सगळेच म्हणत होतो. "पान काढा. वळचणीला पारवे आहेत. मोरीत बेडूक आहे. गादीत ढेकूण आहेत, ते तर लेखकानंच लिहिलंय. एवढा गोतावळा असून हे म्हणतात मी एकटा. याला एकटेपणा नाही म्हणत. माणूसघाणेपणासुद्धा नाही. याला नुसता आखडूपणा म्हणतात."

'पर्यावरण' हा शब्द तेव्हा सभासंमेलनांत शिरला नव्हता. पुढे कितीतरी वर्षांनी, सर निवृत्त झाल्यावर, वाघोलीच्या एका कॉलेजात 'आधुनिक कादंबरीतील पर्यावरणभान' असं चर्चासत्र झालं आणि सरांना अध्यक्ष म्हणून बोलावणं आलं. मीच त्यांना घेऊन गेले. सभागृह गारेगार, खिडक्यांना जाड पडदे. निबंधामागून निबंध ऐकून झाल्यावर सर उठले, खिडकीपाशी गेले आणि पडदा सरकवला. बाहेर एक झाड होतं. "हे कोणतं?" त्यांनी विचारलं. कुणी बोलेना. शेवटी एक तरुण प्राध्यापक धीर करून म्हणाला, "सर, ते डेकोरेटिव्ह आहे." सर परत येऊन बसले आणि समारोपात एवढंच म्हणाले, "भान उत्तम आहे. पर्यावरण तेवढं बघून घ्या." मानधनाचं पाकीट आणि नारळ मात्र त्यांनी न विसरता घेतला.

सरांचं घर नारायण पेठेत, दोन खोल्यांचं. भिंतीला टेकून पुस्तकांचं कपाट. एकदा मी एक कादंबरी मागायला गेले तर ती देईनात. कुंभारीण माशीनं तिच्या पुठ्ठ्यामागे मातीचं घर बांधायला घेतलं होतं. "तिचं होऊ दे," सर म्हणाले. "तुम्ही ग्रंथालयातून घ्या. मीही तिथूनच आणली आहे." टेबलावर खरोखरच ग्रंथालयाची प्रत होती. काकू आतून चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "माझी बहीण चार दिवस राहायला आली तेव्हा यांचं डोकं दुखत होतं. कुंभारणीचं मात्र बाळंतपण करतायत."

आणि ती लाल पेन्सिल. सरांच्या शर्टाच्या खिशात ती कायम असे, आणि नामवंत लेखकाचं पुस्तक असो की आमची उत्तरपत्रिका, ती सगळीकडे सारखीच चाले. एका गाजलेल्या कथेत फाल्गुनातला पळस ऐन श्रावणात फुलला होता, तिथं समासात लिहिलेलं होतं, "लेखकाला थांबायला सांगा. पळस थांबतो." मी माझ्या निबंधात मोठ्या हौसेनं लिहिलं होतं की उजाड निसर्ग हे नायकाच्या अंतर्मनाचं प्रतीक आहे. त्याखाली सरांनी लाल रेघ ओढली होती आणि विचारलं होतं, "निसर्गाला विचारलंत का?" मी दोन दिवस रागावले होते. तिसऱ्या दिवशी हसू आलं, आणि तेव्हापासून मी सरांची झाले.

पण सरांचं खरं दुखणं होतं एकाच कादंबरीचं. नवकादंबरीचा मानदंड वगैरे म्हणून ती अभ्यासक्रमाला असे. लेखक पुण्यातलेच, मानमरातब मिळालेले, हयात. कादंबरीत एक माणूस भाड्याच्या खोलीत राहतो आणि काहीही घडत नाही. ते न घडणंच तिचं मोठेपण होतं. खिडकीबाहेर एक झाड आहे. झाड म्हणजे नुसतं 'झाड'. सर कळवळून म्हणत, "या गृहस्थांना नाव नाही हे मी समजू शकतो. आईबापांना सुचलं नसेल. पण झाडाला नाव असतंच हो."

कादंबरीत वारंवार येतं की खालच्या पत्र्यावर काहीतरी पडत राहतं, काय ते कुणाला ठाऊक नसतं. या पडण्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली होती. नियतीची थाप, काळाची गळती, असं बरंच. सर म्हणत, "उंबरं पडतात." पानं सळसळत नाहीत म्हणजे पिंपळ नाही, पारंब्या नाहीत म्हणजे वड नाही, आणि पत्र्यावर पडण्याएवढं वजनदार फळ वर्षातून कितीदा तरी येतं, म्हणजे उंबर. इतका सरळ हिशेब होता, पण तो ऐकला की आमच्या विभागप्रमुखांना अपमान झाल्यासारखं वाटे.

सातव्या प्रकरणापर्यंत हे झाड पानोपानी आहे. त्यानंतर नाही. आठव्यात खोली एकाएकी उजेडानं भरून जाते आणि नायकाला स्वतःचे हात स्वच्छ दिसतात. या प्रकरणाला सगळे 'साक्षात्काराचं प्रकरण' म्हणत आणि कुठल्याही परीक्षेत त्यावर प्रश्न असेच. सरांचा प्रश्न मात्र वेगळा आणि दरवर्षी तोच असे: 'सातव्या प्रकरणानंतर झाड कुठे जाते? सकारण लिहा.' मुलं लिहीत की झाड नायकाच्या जाणिवेत विलीन होतं, त्याच्या अभावातूनच त्याचं अस्तित्व अधोरेखित होतं. सर सगळ्यांना एकच शेरा देत, "पुन्हा वाचा." मी तर पहिल्या वर्गात पास झाले तरी त्या प्रश्नाखाली 'पुन्हा वाचा'च होतं. गंमत अशी की उत्तर सरांनाही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याच विभागात शिकवायला लागल्यावर एकदा त्यांनी ते कबूल केलं. "माणसं कादंबरीतून उठून जातात," ते म्हणाले. "झाड कसं जाईल? त्याला जाता येत नाही, तोच तर त्याचा गुण." त्यांच्या आवाजात इतकं खरं दुःख होतं की मला थट्टा सुचली नाही.

त्या कादंबरीत रोज सकाळी ठोकण्याचा आवाज येतो. समीक्षक त्याला भवितव्याचे घाव म्हणत. सरांच्या मते ते तांबटांचे घाव होते, तांब्याच्या हंड्यावर पडणारे, म्हणजे खोली कसबा पेठेत. झालं. दर रविवारी सर कादंबरी काखेत मारून कसब्याच्या बोळाबोळांतून हिंडू लागले, आणि पुढे मीही जाऊ लागले. सर एखाद्या दारात थांबून वर बघत आणि पुस्तकात बघत. लोकांना वाटे खोली शोधतायत. एका बाईंनी आम्हा दोघांना नीट न्याहाळून सांगितलं, "खोली आहे, पण आधी तुमचं नातं सांगा." सर म्हणाले, "गुरुशिष्य." बाईंनी दार लावून घेतलं.

अखेर ते सापडलं. तांबटांच्या कामाचा आवाज जिथं नीट पोचतो अशा एका बोळात अत्तारशेठचं दुकान होतं. आडनाव अत्तार, पण विकायचे कुलपं, बिजागऱ्या आणि खिळे. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच. वरच्या मजल्याची खिडकी मागच्या परसात उघडत होती, खाली पत्र्याची पडवी होती, आणि पडवीच्या कडेला उंबर. पत्र्यावर पिकलेली उंबरं पडून लाल चिखल झाला होता. सरांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पुस्तक उघडून तपासणी सुरू झाली. खिडकीची दिशा बरोबर, पत्रा बरोबर. एकच गोष्ट जुळेना. कादंबरीत झाडाचं खोड एकच, सरळसोट होतं. इथं जमिनीलगत एक रुंद ठेंगणा बुंधा आणि त्यातून निघालेली तीन खोडं. सरांनी पेन्सिल काढून समासात लिहिलं, "निरीक्षण कच्चे." आणि मला म्हणाले, "तिनाचं एक केलंय. घाईचा माणूस."

तेव्हा माझं लक्ष त्यातल्या एका खोडावर चिकटवलेल्या कागदाकडे गेलं. पालिकेची नोटीस होती. झाड तोडायची परवानगी मागितली आहे, कुणाची हरकत असेल तर अमुक दिवशी जागेवरच सांगावी.

अत्तारशेठ गल्ल्यावरून उठून आले. पांढरी टोपी, डोळ्यांत मिस्कीलपणा. "सर, गोदाम बांधतोय. धाकट्याचं लग्न झालं, वरच्या खोल्या त्याला दिल्या. माल ठेवू कुठं? झाडावर?"

"हे झाड मराठी कादंबरीतलं आहे," सर म्हणाले.

"असेल. माझ्या भिंतीत पण आहे. मुळं बघा कुठवर आलीत."

बघितलं तर खरंच आली होती. शेठ वाईट माणूस नव्हता, हीच मोठी अडचण होती. सर पुस्तक काखेत मारून घरी निघाले. लक्ष्मी रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "एवढी वर्षं मी विचारतोय झाड कुठे गेलं. ते कुठंही गेलं नव्हतं, आणि आता मला सापडलं तर ते जाणार." मला पहिल्यांदाच हा माणूस म्हातारा दिसला.

सरांनी हरकत नोंदवली. पालिकेचा अधिकारी तरुण आणि सोशीक होता. "कारण काय घालू? दुर्मिळ आहे का? घरटी आहेत का? नाहीतर उंबर आहे, दत्त महाराजांचं स्थान म्हणा, काम सोपं होईल."

"दत्त महाराजांनी इथं बसून काही लिहिलेलं नाही," सर म्हणाले. "खोटं सांगून झाड वाचवायचं नाही. हे साहित्यातलं झाड आहे."

अधिकाऱ्यानं बराच विचार केला. "लेखक हयात आहेत ना? मग त्यांनी समक्ष येऊन सांगावं की हेच ते. मी तसा शेरा मारतो."

म्हणून आम्ही एरंडवण्यात लेखकांच्या बंगल्यावर गेलो. दारात कुंड्या होत्या आणि कुंड्यांत निवडुंग. लेखकांनी ऐकून घेतलं आणि थकल्यासारखे म्हणाले, "अहो, ते झाड नाहीच. ती शून्यता आहे. गेली तीस वर्षं मी प्रत्येक मुलाखतीत हेच सांगतोय."

"शून्यतेची फळं पत्र्यावर पडतात का?"

लेखकांनी कप खाली ठेवला. "फळं पडतात हे आपल्याला कोणी सांगितलं? मी तसं लिहिलेलं नाही."

"मी वाचलं," सर म्हणाले.

मग लेखक म्हणाले, "मी तिथं येऊन सांगू, की मराठीतलं शुद्ध प्रतीक एका कुलूपवाल्याच्या परसात उभं आहे? लोक हसतील मला."

"हसू देत की. झाड राहील."

लेखकांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. दारापर्यंत सोडायला मात्र आले आणि सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "खोड केवढं झालंय आता?"

"खोडं. तीन आहेत," सर जरा घुश्शातच म्हणाले. "तुम्ही एक लिहिलंय."

"तीन?" लेखक म्हणाले, आणि दार लावायचं विसरून तसेच उभे राहिले.

सुनावणीच्या दिवशी परसात अधिकारी, अत्तारशेठ, सर, मी आणि भिंतीपलीकडून डोकावणारी निम्मी गल्ली. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अधिकारी घड्याळ बघायला लागला तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि लेखक उतरले. सरांचा चेहरा इतका खुलला की मी दुसरीकडे बघितलं. लेखक हळूहळू आत आले. वर खिडकीकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, मग त्या ठेंगण्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले.

"हेच ना ते झाड?" अधिकाऱ्यानं लिहायला पेन काढलं.

"नाही," लेखक म्हणाले. "हे ते झाड नाही."

सरांनी घाईघाईनं पुस्तक उघडलं.

"ते झाड तोडलं," लेखक सरांकडे बघत म्हणाले. "मीच सांगितलं तोडायला. सातवं प्रकरण चाललं होतं. झाड खिडकीवर आलं होतं, खोलीत दिवसा अंधार. मला लिहिता येईना. यांच्या वडिलांना म्हटलं, शेठ, पुस्तक लिहितोय, उजेड हवा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणसं लावली."

मी सरांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. "म्हणजे आठवं प्रकरण..."

"आठव्या प्रकरणात उजेड चांगला आहे," लेखक म्हणाले. "आपल्या लक्षात कसं नाही आलं?"

सरांनी पुस्तक मिटलं. ज्या साक्षात्कारावर माझ्यासकट शेकडो मुलांनी पानं भरली होती, तो कुऱ्हाडीनं झालेला होता. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की माझा चेहरा फार वाईट होतो, म्हणून मी खाली बघत राहिले.

अत्तारशेठ हसले. "खरं आहे. मी लहान होतो, पण आठवतं. बुंधा तेवढा राहिला. मुळं काढायला अब्बांनी एक जण सांगून ठेवला होता, तो आलाच नाही. मग धुमारे फुटले."

"म्हणून तीन," सर म्हणाले. त्यांनी लगेच पुस्तक उघडलं आणि 'निरीक्षण कच्चे' हा शेरा खोडला. त्या परिस्थितीतसुद्धा आधी ते केलं.

अधिकाऱ्याची मात्र पंचाईत झाली होती. "म्हणजे हे कादंबरीतलं झाड नाही. लेखकांनीच सांगितलं. मग हरकत कशी उभी राहील?"

खोटं सांगून वाचवायचं नाही असं म्हणणाऱ्या सरांपुढे खरं असं येऊन उभं राहिलं होतं. ते नुसतेच त्या तीन खोडांकडे बघत राहिले.

बोलले ते लेखक. "अत्तारशेठ, तुमच्या वडिलांनी माझ्या शब्दावर झाड तोडलं. आता माझ्याच शब्दावर हे राहू द्याल का?"

शेठनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तुमच्या शब्दाचं काय सांगावं साहेब. अब्बा मरेपर्यंत म्हणायचे, त्या पुस्तकात आपलं नाव असणार. आहे का?"

"नाही," लेखक म्हणाले.

"झाडाचं?"

"तेही नाही."

"मग लिहिलं तरी काय?" शेठ म्हणाले. मग त्या बुंध्याभोवती एक फेरी मारून आले. "एकदा लिहायला तोडलं, आता बांधायला तोडायचं. झाडानं करायचं काय? असू दे. भिंत जरा वाकडी घेतो. पण गोदामावर पत्रा येणार आणि त्याच्यावर उंबरं पडणार. ती काढायला यांनी यायचं." बोट सरांकडे होतं.

सर म्हणाले, "येईन." आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

ते खरंच जात. उंबर पिकलं की सर खराटा घेऊन अत्तारशेठच्या पत्र्यावर चढत, आणि त्यांच्याबरोबर एम.ए.ची मुलंही. शिडी मी धरायची. शेठ खालून सूचना करत, "सर, कोपरा राहिला. तिकडं पण साहित्य आहे." त्या वर्षीपासून सरांनी परीक्षेतून तो प्रश्न काढून टाकला. विभागप्रमुखांना वाटलं त्यांना शहाणपण आलं.

पुढच्या वर्षी सर असेच पत्र्यावर असताना काकूंनी घरून एक पुडकं पाठवून दिलं, ते घेऊन मी वर चढले. कादंबरीची नवी आवृत्ती होती, लेखकांकडून. सरांनी खराटा माझ्या हातात दिला आणि पत्र्यावरच बसून आठवं प्रकरण काढलं. वाचलं आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. प्रकरणाच्या सुरुवातीला दोन वाक्यं नवीन होती.

'उंबर तोडला. मग उजेड आला.'

सबंध पुस्तकात झाडाचं नाव तेवढं एकदाच होतं. सरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. इतकी वर्षं एकाही मुलाला न मिळालेला शेरा त्यांनी समासात सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिला: "बरोबर. पेपर उशिरा मिळाला."

त्यांच्या शेजारी पत्र्यावर एक उंबर पडलं. ते त्यांनी उचलून खिशात टाकलं आणि खराट्यासाठी हात पुढे केला.